आज्ञा आणि विज्ञापना

जपानी भाषा शिकावयास बसलेल्या मराठी विद्यार्थ्याची पहिली फजिती बहुधा पाण्याच्या पेल्यापाशीं होते. पाण्याला ‘मिझु’ म्हणतात, हें त्याला पहिल्याच दिवशीं कळतें. पण ‘पाणी द्या’ एवढें साधें वाक्य तयार करावयाचें म्हटलें कीं गुरुजी त्याला उलट विचारतात, ‘कोणाजवळ मागतां ?’ दुकानदाराजवळ मागावयाचें असेल, तर ‘मिझु ओ कुदासाइ’ असें म्हणावें. बरोबरीच्या मित्राजवळ मागावयाचें असेल, तर ‘मिझु कुरेनाइ ?’, म्हणजे ‘पाणी देत नाहींस का ?’, असें सलगीनें विचारावें. आणि ज्यांच्या घरीं आपण पाहुणे म्हणून गेलों, त्या वडील माणसांजवळ मागावयाचें असेल, तर ‘ओ-मिझु ओ इतादाकेमासेन् का’ असें लांबलचक वाक्य उच्चारावें. त्याचा अर्थ असा कीं, ‘मला पाणी मिळण्याचा लाभ होऊं शकणार नाहीं का ?’ या वाक्यांत देणाऱ्याचा उल्लेखच नाहीं. सारा भार घेणाऱ्यानें आपल्या शिरावर घेतलेला आहे.

विद्यार्थी वैतागतो. ‘पेलाभर पाण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला ? त्यापेक्षां आमची मराठी बरी. द्या म्हटलें कीं झालें !’ असें तो मनांत म्हणतो. आजच्या भाषणांत मला असें दाखवावयाचें आहे कीं, त्याचें हें म्हणणें अज्ञानाचें नसलें तरी विस्मरणाचें आहे. विनंती करण्याचें एक पूर्ण शास्त्र आपल्याहि पूर्वजांजवळ होतें. त्याचा सर्वांत जुना पुरावा वऱ्हाडच्या भूमींतच सांपडतो. आणि त्या शास्त्रांतलें काय टाकावें आणि काय राखावें, हा प्रश्न अजून आपल्यापुढें उभा आहे.

प्रथम जपानी शब्दांची फोड करूं, म्हणजे पुढील विवेचन सोपें होईल. ‘कुदासाइ’ हें ‘कुदासारु’ या क्रियापदाचें रूप आहे, आणि त्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘वरून खालीं देणें’ असा आहे. ‘इतादाकु’ याचा मूळ अर्थ ‘मस्तकावर ठेवणें’ असा असून, त्यावरून ‘नम्रपणें स्वीकारणें’ हा अर्थ आला. आपण देवाचा प्रसाद हातीं येतांच कपाळाला लावतों, तसाच हा प्रकार आहे. आपण दुसऱ्याला कांहीं देतों तेव्हां ‘आगेरु’, म्हणजे ‘वर उचलणें’, हें क्रियापद येतें. आणि मोठ्यांस कांहीं सांगावयाचें असेल, तर ‘मोशिआगेरु’, म्हणजे शब्दशः ‘वर सांगणें’. थोडक्यांत म्हणजे या भाषेंत विनंती ही एक जिन्याची वाट आहे. देणारा वरच्या पायरीवर उभा, मागणारा खालच्या पायरीवर, आणि क्रियापद त्या दोघांमधलें अंतर मोजून दाखविणारें.

आतां या जिन्यावरून उतरून आपण वाशीमला येऊं. जपान आणि वाशीम यांचा संबंध वरवर कांहींच दिसत नाहीं. तथापि १९१६ सालीं हिंदुस्थानांत आलेला आराइ काम्पो हा जपानी चित्रकार पुढें अजिंठ्यास गेला, आणि तेथील भित्तिचित्रांच्या नकला त्यानें मोठ्या भक्तीनें उतरून घेतल्या. ज्या राजाच्या काळांत अजिंठ्याची उत्तरकालीन लेणीं घडलीं, तो वाकाटक राजा हरिषेण होय. त्याच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, आणि वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा काढलेला वाशीम जिल्हा वयानें लहान आहे. पण त्याचें मुख्य गांव साहित्यशास्त्रांतहि प्रतिष्ठा पावलेलें आहे. राजशेखरानें काव्यपुरुषाचें लग्न लाविलें तें विदर्भांतील याच वत्सगुल्म नगरांत, आणि ‘वच्छोमी’ या नांवाची काव्यरीति याच नगराच्या नांवावरून प्रसिद्ध झाली.

१९३९ सालीं वाशीम येथें एक ताम्रपट सांपडला. यशवंत खुशाल देशपांडे आणि वासुदेव विष्णु मिराशी या दोघां वैदर्भीय संशोधकांनीं तो वाचून प्रसिद्ध केला, आणि वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म येथें नांदत होती ही गोष्ट प्रथमच जगाला स्पष्टपणें कळली. ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीचा, म्हणजे या शाखेचा संस्थापक जो सर्वसेन, त्याच्या पुत्राचा आहे. राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षीं तो दिला गेला. नांदेडच्या, म्हणजे तत्कालीन नंदिकटाच्या, उत्तरेकडील भागांतील एक गांव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची त्यांत नोंद आहे. लेखाची ठेवण मोठी बोधप्रद आहे. राजाची वंशावळ संस्कृतांत आहे; पण जेथें राजा आपल्या अधिकाऱ्यांशीं आणि शिपायांशीं बोलूं लागतो, तेथें भाषा प्राकृतावर येते. मिरवावयाची भाषा वेगळी आणि काम करवून घ्यावयाची भाषा वेगळी, हा भेद त्या काळींहि होता तर ! त्या प्राकृत भागांत विनंतीला जागा नाहीं. ती शुद्ध आज्ञा आहे.

परंतु वाकाटकांच्या थोरल्या शाखेंतील दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट अचलपूरजवळील चम्मक या गांवीं मिळालेला आहे. राज्यवर्ष १८. चर्मांक नांवाचें गांव एक हजार ब्राह्मणांना दिलें, हा त्याचा विषय. या लेखांत राजानें दोन निरनिराळीं क्रियापदें वापरलीं आहेत. जे आज हयात आहेत आणि आपल्या सत्तेखालीं आहेत, त्यांच्या बाबतींत तो म्हणतो ‘आज्ञापयामः’. आणि जे पुढें होणार आहेत, जे आपल्यानंतर या भूमीवर राज्य करतील, त्यांच्या बाबतींत त्यांच्या भावी थोरवीचा मान राखून तो म्हणतो ‘विज्ञापयामः’. वर्तमानाला आज्ञा, भविष्याला विनंती !

श्रोतेहो, या दोन क्रियापदांपाशीं क्षणभर थांबावें, अशी माझी इच्छा आहे. सम्राटाच्या सैन्याला नर्मदेपलीकडे जातां येईल, पण स्वतःच्या मरणापलीकडे जातां येणार नाहीं. त्याचा नातू किंवा पणतू, अथवा त्याचें राज्य जिंकणारा एखादा परका राजा, हें दान मोडील कीं राखील हें सांगण्याची सत्ता त्याला नाहीं. जेथें सत्ता संपली तेथें त्याला भाषा बदलावी लागली. ज्याच्यावर आपली सक्ती चालत नाहीं त्याच्याशीं विनंतीनें बोलावें, हा व्यवहार यांत दिसतो. मात्र ज्याच्यावर सक्ती चालते त्याच्याशींहि विनंतीनें बोलावें, हा विचार त्या राजाच्या मनांत आलेला दिसत नाहीं. तो विचार माणसाच्या मनांत यावयास पुढें दीड हजार वर्षें लागलीं.

‘विज्ञापयामः’ हा शब्द ताम्रपटाबरोबर जमिनींत गाडला गेला असें मात्र कोणी समजूं नये. प्राकृतांत ‘विज्ञापयति’ याचें ‘विण्णवइ’ झालें, आणि त्याचेंच मराठींत ‘विनवणें’ झालें. ‘विज्ञप्ति’ या नामाचें प्राकृतांत ‘विण्णत्ति’ झालें, आणि तीच आपली ‘विनंती’. पुष्कळांना वाटतें कीं ‘विनंती’ हा शब्द ‘नम्’ म्हणजे वांकणें या धातूपासून निघाला असावा. पण तिचें मूळ ‘ज्ञा’ म्हणजे जाणणें या धातूंत आहे. विनंती करणें म्हणजे जाणवून देणें, कळविणें. आणि गंमत अशी कीं ‘आज्ञा’ हीहि त्याच ‘ज्ञा’ धातूची लेक ! आज्ञा आणि विनंती या सख्ख्या बहिणी ठरल्या. एक वरून खालीं कळविते, दुसरी खालून वर कळविते. जपानी माणूस ‘वर सांगणें’ म्हणतो तें हेंच. याचनेचा, हात पसरण्याचा अर्थ विनंतीच्या मुळांत नाहीं. ‘मागणें’ या शब्दाचेंहि तसेंच आहे. तो ‘मार्ग्’ म्हणजे शोधणें या धातूपासून आला. मागणारा मूळचा भिकारी नसून शोध घेणारा आहे.

शब्दांचें झालें, आतां क्रियापदांच्या रूपांकडे वळूं. म्हाइंभटानें इ. स. १२७८ च्या सुमारास रिद्धपूर येथें ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. त्यांतील भक्त चक्रधरस्वामींना ‘जी’ म्हणून हाक घालतात आणि मग आपलें म्हणणें सांगतात. या काळच्या मराठींत ‘कीजे’, ‘दीजे’, ‘जाणिजे’ अशीं रूपें आदरानें सांगण्यासाठीं वापरीत. हीं मुळांत कर्मणि रूपें होत. ‘तूं कर’ असें तोंडावर न म्हणतां ‘केलें जावें’ असें आडून म्हणावयाचें, ही त्यांतली खुबी. हिंदींतील ‘कीजिये’, ‘दीजिये’ हीं त्यांचींच भावंडें आहेत. शहरी मराठींतून हीं रूपें गेलीं. पण वाशीम, मंगरूळपीर, रिसोड या बाजूच्या वऱ्हाडी बोलींत ‘उद्या येजो’, ‘घरीं सांगजो’, ‘मले देजो’ असें आजहि कानीं पडतें. पुण्यामुंबईचा माणूस तें ऐकून हंसतो आणि गांवढळ म्हणून सोडून देतो. वस्तुतः ‘येजो’ या शब्दांतला ‘ज’कार त्या जुन्या आदरार्थी रूपांच्या नात्यांतला आहे. ‘ये’ म्हटलें तर आतांच यावें लागतें. ‘येजो’ म्हटलें म्हणजे येणाऱ्याला सवड मिळते. सवड देणें हा सभ्यतेचा अर्धा भाग आहे.

याच कुळांतला दुसरा शब्द ‘पाहिजे’. आज ‘मला पैसे पाहिजेत’ हें वाक्य फार रोखठोक वाटतें. पण ‘पाहिजे’ हेंहि ‘पाहणें’ या क्रियापदाचें जुनें कर्मणि रूप आहे. जें पाहिलें जातें, ज्याची वाट पाहिली जाते, तें ‘पाहिजे’. वापरून वापरून नाण्यावरील छाप पुसट होतो, तसा या शब्दांतला विनय झिजून गेला आणि नुसती गरज उरली.

तिसरें रूप अधिक टिकाऊ ठरलें. संस्कृतांत ‘कर्तव्यम्’, ‘दातव्यम्’ असा ‘तव्य’ प्रत्यय आहे. त्यापासून मराठींत ‘करावें’, ‘द्यावें’ हीं रूपें आलीं. यांत कर्त्याला तृतीया विभक्ति लागते. ‘आपण द्या’ असें न म्हणतां ‘आपण द्यावें’ असें म्हटलें कीं, आज्ञा नाहींशी होऊन उचिताचा निर्देश तेवढा उरतो. देणें उचित आहे एवढेंच बोलणारा सुचवितो, निर्णय ऐकणाऱ्याचा. ज्ञानदेवांनीं इ. स. १२९० मध्यें ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस विश्वाच्या देवाजवळ जें दान मागितलें, तेंहि याच प्रत्ययाच्या क्रियापदानें. एवढ्या मोठ्या मागणीला त्यांना याहून लाचार रूप लागलें नाहीं, आणि याहून हुकमी रूपहि लागलें नाहीं.

यानंतर विनंतीचें शास्त्र कागदावर आलें. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतों, त्याच्या नांवावर ‘मेस्तक’ या लेखनपद्धतीचें श्रेय परंपरेनें घातलेलें आहे. कोणास कोणता मायना लिहावा, कोणाच्या पत्राचा शेवट कसा करावा, याचे नियम कारकुनाला पाठ असावे लागत. मराठेशाहीच्या दप्तरांत या नियमांचा पूर्ण विस्तार दिसतो. धन्यास लिहावयाचें असेल, तर ‘स्वामींचे सेवेसी’, मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना’, आणि शेवट ‘श्रुत होय हे विज्ञापना’. बरोबरीच्यास लिहावयाचें असेल, तर ‘राजमान्य राजश्री’, मग ‘विनंति उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें’, आणि शेवट ‘बहुत काय लिहिणें, लोभ असो द्यावा हे विनंति’. मुलास वा शिष्यास ‘आशीर्वाद’. आणि हाताखालच्यास लिहावयाचें असेल, तर विनंतीचें नांव नाहीं. ‘ऐसें करणें’, ‘न करणें’, आणि शेवटीं ‘जाणिजे’. पाहा, जें ‘जाणिजे’ एकेकाळीं आदराचें रूप होतें, तेंच आतां हुकमाचा शिक्का होऊन बसलें.

‘करणें’ आणि ‘करावें’ या दोन रूपांतलें अंतर त्या काळीं केवढें होतें, याची आज कल्पना येणार नाहीं. पत्र उलगडतांच कारभाऱ्याची नजर प्रथम मायन्यावर आणि मग क्रियापदावर जाई. ‘द्यावें’ लिहिलें असेल तर लिहिणारा आपल्याला बरोबरीचा मानतो. ‘देणें’ लिहिलें असेल तर तो आपला धनी आहे, अथवा धनी होऊं पाहतो आहे. म्हणून मायना चुकला तर तो नुसता लेखनाचा दोष ठरत नसे. त्यांत मानापमान असे.

जपानांतहि असेंच होतें. तेथें ‘सोरो’ या नम्र क्रियापदावरून ‘सोरोबुन’ म्हणून ओळखली जाणारी पत्रांची एक स्वतंत्र भाषा शतकानुशतकें चालत होती, आणि विसाव्या शतकांत ती हळूहळू मावळली. तरी जपानी पत्राचा औपचारिक आरंभ आजहि ‘हाइकेइ’ या शब्दानें होतो, आणि शेवट ‘केइगु’ या शब्दानें. पहिल्याचा अर्थ ‘वांकून निवेदन करितों’, दुसऱ्याचा ‘आदरपूर्वक निवेदन केलें’. आपल्या ‘साष्टांग नमस्कार विज्ञापना’ आणि ‘हे विज्ञापना’ या जोडीचें हें जणूं प्रतिबिंबच आहे. दोन्ही देश एकमेकांपासून शिकले, असें याचें अनुमान काढण्याचें कारण नाहीं. ज्या समाजांत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते, तेथें कागदावरहि पायऱ्या पडतात, एवढाच याचा अर्थ.

आणि येथें या शास्त्राची काळी बाजू सुरू होते. आपल्याकडे विनंतीच्या आधीं येणारें जें अभिवादन, तें माणसाच्या जातीवरून ठरत असे. ब्राह्मणाला नमस्कार, इतरांना रामराम किंवा दंडवत, आणि महारानें म्हणावयाचा तो ‘जोहार’. हा केवळ रिवाज नव्हता; त्याच्यामागें राजदंड उभा होता. १७७९ सालीं मुंबईंत कंपनी सरकारनें दैवज्ञ सोनारांना ‘नमस्कार’ हा शब्द अभिवादनासाठीं वापरण्याची मनाई केली. एक शब्द उच्चारूं द्यावा कीं देऊं नये, याचा निर्णय सरकारच्या कचेरींत व्हावा, ही गोष्ट आज विचित्र वाटते. पण ज्यांना तो शब्द नाकारला गेला, त्यांना त्याची किंमत बरोबर ठाऊक होती. पुढें विदर्भांतच या साखळीची मोठी कडी तुटली. ‘जोहार’ मागें पडला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘जयभीम’ आला. तो रूढ करण्याचें श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना देण्यांत येतें. ‘जोहार’ एकानें करावयाचा आणि दुसऱ्यानें मान हलवून स्वीकारावयाचा. ‘जयभीम’ला उत्तर ‘जयभीम’च. ज्या अभिवादनाला त्याच शब्दांत उत्तर मिळतें, त्या अभिवादनानंतर केलेली विनंती खालीं मान घालून करावी लागत नाहीं.

आतां पुन्हां वाशीमकडे येऊं. अठराव्या शतकांत वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. भोसल्यांचा सरदार भवानी काळू यानें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेलें बालाजीचें मंदिर वाशीमांत आजहि उभें आहे. या दुअमलींत रयतेला दोन धनी होते, आणि दोन धन्यांच्या दोन भाषा होत्या. भोसल्यांकडे मोडींत ‘विज्ञापना’ करावयाची. निजामाकडे फारशी पद्धतीनें ‘अर्जदास्त’ लिहावयाची. १८०३ सालीं आडगांवची लढाई आणि देवगांवचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. वाशीम कांहीं काळ जिल्ह्याचें ठाणें झालें, आणि १९०५ सालीं तें पद गेलें. राज्यें बदललीं, पण फारशी दरबारांतून आलेला ‘अर्ज’ हा शब्द राहिला. त्याचा अरबी अर्थ ‘समोर मांडणें, सादर करणें’ असा आहे. म्हणजे पुन्हां तीच गोष्ट ! ‘विज्ञापना’ म्हणजे कळविणें, ‘अर्ज’ म्हणजे मांडणें. तीन भाषांनीं तीन वाटांनीं जाऊन विनंतीचें मूळ एकाच ठिकाणीं सांपडविलें.

या ‘अर्जदास्त’ शब्दाला वाशीम जिल्ह्यांत एक विलक्षण भाग्य लाभलें आहे. मानोरा तालुक्यांत पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांचें समाधिस्थान आहे. तेथें देशभरांतून बंजारा समाज लोटतो. बंजारा बांधव देवापुढें जी प्रार्थना म्हणतात, तिला ‘अरदास’ म्हणतात. शीख बंधूंच्या गुरुद्वारांतहि हाच शब्द आहे. ‘अरदास’ म्हणजे ‘अर्जदास्त’. जो कागद रयत थरथरत्या हातानें सुभेदारापुढें धरीत होती, त्याचेंच नांव तांड्यावरच्या माणसानें देवापुढील प्रार्थनेला दिलें. यांत मला मोठें शहाणपण दिसतें. शेवटचा अर्ज ज्याच्याकडे करावयाचा, त्याच्यापुढें सारे सुभेदार लहान आहेत.

इंग्रजी अमलांत कचेरीच्या आवारांत झाडाखालीं बसणारा अर्जनवीस उदयास आला. लिहितां न येणाऱ्या शेतकऱ्याचें गाऱ्हाणें तो ठरीव सांच्यांत ओती. ‘मेहेरबान साहेब यांचे सेवेशीं’ अशी सुरुवात, मध्यें ‘मायबाप सरकार’, ‘गरिबावर दया व्हावी’, आणि शेवटीं इंग्रजी रिवाजाचा तर्जुमा म्हणून ‘आपला आज्ञाधारक’. शेतकऱ्याच्या तोंडची सरळ वऱ्हाडी, म्हणजे ‘माझ्या वावराची मोजणी करून देजो’, कागदावर उतरेपर्यंत याचनेचें रूप घेई. अर्जनवीसाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. साहेबाच्या मनांत काय उतरतें हें तो ओळखून होता, आणि त्याच्या लेखणीनें कित्येकांचीं वावरें राखलीं असतील. पण या सांच्यानें एक नुकसान केलें. ‘कळविणें’ आणि ‘मांडणें’ हे विनंतीचे मूळ अर्थ बुडाले आणि ‘दया भाकणें’ हा एकच अर्थ लोकांच्या मनांत ठसला. साहेब गेले, ‘आज्ञाधारक’ मात्र शाळेंतल्या पत्रलेखनाच्या धड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मग काय सारा विनय टाकून द्यावा ? येथें जपानचें उदाहरण मार्गदर्शक आहे. महायुद्धांतील पराभवानंतर त्या देशानें आपलें पुष्कळ जुनें सामान तपासून पाहिलें, आणि त्यांत आदरार्थी भाषाहि होती. १९५२ सालीं तेथील राष्ट्रभाषा-मंडळानें एक शिफारस केली. तिचा आशय असा कीं, आजवरची आदराची भाषा मुख्यतः वरिष्ठ-कनिष्ठ नात्यावर वाढली. यापुढें ती प्रत्येकाच्या माणूसपणाची बूज राखून परस्परांच्या आदरावर उभी राहिली पाहिजे. २००७ सालच्या नव्या मार्गदर्शिकेंतहि परस्परांच्या आदराचें हेंच तत्त्व पुन्हां मांडण्यांत आलें. त्यांनीं ‘कुदासाइ’ टाकला नाहीं, ‘इतादाकु’हि टाकला नाहीं. ‘वरून खालीं देणें’ हा अर्थ व्युत्पत्तीच्या पुस्तकांत राहूं दिला, आणि आज गिऱ्हाईक दुकानदाराला जें ‘कुदासाइ’ म्हणतो, तेंच ‘कुदासाइ’ अधिकारी नागरिकाला म्हणतो. जिना तोच, पण आतां त्यावरून दोन्ही बाजूंनीं ये-जा होऊं लागली.

आपल्याकडे कायद्यानें आपलें काम केलें आहे. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालीं नागरिक जो कागद देतो, त्याचें नांव ‘अर्ज’च आहे. पण त्या अर्जांत माहिती कशासाठीं हवी, हें कारण सांगण्याची गरज नाहीं. आणि साधारणतः ३० दिवसांच्या आंत उत्तर देणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. २०१५ सालच्या महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क अधिनियमानें दाखले आणि उतारे ठराविक मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क ठरविला, आणि चुकारपणा करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. जुन्या दरबारांत अर्जाचें उत्तर ही मेहेरबानी होती. येथें तें कर्तव्य झालें. ‘दातव्यम्’ या शब्दांतला ‘तव्य’, म्हणजे ‘देणें उचित आहे’ हा अर्थ, ‘द्यावें’ या रूपांत आठ शतकें नुसता व्याकरणापुरता वावरत होता. तो आतां प्रथमच कायद्यांत उतरला.

राहिलें तें वळणाचें काम, आणि तें कायद्यानें होत नसतें. अर्ज देणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला खिडकीमागून ‘उद्या ये’ असें ऐकावें लागतें. तेव्हां त्याचा हक्क कागदावर शाबूत असूनहि मान खालीं जाते. तोच कारकून साहेबांना ‘आपण सही करावी’ असें म्हणतो. म्हणजे ‘करावें’ हें रूप त्याला माहीत नाहीं, असें नव्हे; तें कोणासाठीं राखून ठेवावयाचें, याचा त्याचा हिशेब वाकाटकांच्या काळचा आहे. ज्याच्यावर आपली सत्ता चालत नाहीं त्याला विज्ञापना, आणि ज्याच्यावर चालते त्याला आज्ञा ! आणि आपण शहरांतले सुशिक्षित लोक तरी त्या कारकुनाहून निराळे आहों काय ? आपल्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईशीं, दारावरच्या भाजीवाल्याशीं, जिना झाडणाऱ्याशीं आपण कोणत्या क्रियापदांत बोलतों, हें ज्याचें त्यानें आजच्या रात्रीं आठवून पाहावें. ‘आण’, ‘ठेव’, ‘चल लवकर’ हीं रूपें आपल्या तोंडीं इतकीं सहज येतात कीं, तीं राजाज्ञेच्या वंशांतलीं आहेत याची जाणीवहि आपल्याला नसते.

जपानी शिकणारा आपला विद्यार्थी पाण्याच्या पेल्यापाशीं अडखळला होता, तो याच जाणिवेपाशीं. परक्या भाषेंत मागतांना त्याला ‘कोणाजवळ मागतों’ याचा विचार करावा लागला. तो विचार त्यानें आपल्या भाषेंत परत आणला, तर त्याच्या त्या श्रमांचें सार्थक झालें असें मी म्हणेन. मराठीला नवे प्रत्यय नकोत. ‘द्यावें’ आहे, ‘द्याल का’ आहे, वऱ्हाडच्या शिवारांत ‘देजो’ आहे. मोठ्यांपुढें हीं रूपें आपण नेहमींच वापरतों. तीं लहान समजल्या गेलेल्यांपुढें वापरावयाचीं, एवढेंच नवें करावयाचें आहे.

त्या वाकाटक राजानें भविष्यकाळच्या लोकांना उद्देशून ‘विज्ञापयामः’ म्हटलें. श्रोतेहो, ते भविष्यकाळचे लोक आपणच आहों. त्याचें राज्य गेलें, दिलेलीं गांवें गेलीं. त्याचा तो शब्द तेवढा आपल्यापर्यंत पोहोंचला. त्याला उत्तर द्यावयाचें तर वर्तमानांतल्या माणसांशीं विनंतीच्या भाषेंत बोलून तें द्यावें.

बहुत काय सांगणें. लोभ असो द्यावा, हे विज्ञापना.